गाडी येईपर्यंत

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून द्यावेत अशी संपादक मंडळाने आम्हांस आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्ही नाहीच म्हटले. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारे आयुष्य गेले बेळगावच्या पेठेत धान्याच्या वखारीत. आवक, भाव, अडत आणि उधारी यांपलीकडे लेखणी चालविण्याचा आम्हांस सराव नाही. परंतु संघाच्या गेल्या साधारण सभेत एक विषय निघाला आणि त्यावर आम्हांस जे बोलावयाचे होते ते वेळेअभावी अपुरे राहिले. ते येथे सविस्तर मांडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे. विषय होता संघातर्फे रुग्णवाहिका घेण्याचा. गाडी कोणत्या बनावटीची असावी, तिच्यावर दात्याचे नाव कोणत्या बाजूस रंगवावे, उद्घाटन कोणाच्या हस्ते व्हावे, यावर दीड तास चर्चा झाली. गाडी येईपर्यंत रोग्याजवळ कोण असेल आणि तो काय करील, हा प्रश्न मात्र कोणीच काढला नाही. या प्रश्नाचे मोल आमच्या घराने चुकविले आहे, म्हणून तो आम्ही काढीत आहोत.

२००९ सालच्या फाल्गुनातील गोष्ट. नव्या जोंधळ्याची आवक सुरू होती, दारात दोन ट्रक उभे होते, आणि आमचे थोरले बंधू, ज्यांना सारी पेठ दादा म्हणत असे, गादीवर बसून दिवाणजींना रोजमेळ सांगत होते. सांगता सांगता आकडा मध्येच थांबला आणि दादा तक्क्यावरून एका अंगास कलंडले. आम्ही धावलो. हाक मारली, ओ नाही. कोणी तोंडावर पाणी मारले, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. घशातून मधूनमधून घरघर ऐकू येत होती, हातास एक-दोन झटके आले, तेव्हा कोणी म्हणाले, ही फेफरे आहे, मुठीत किल्ल्या द्या. आम्ही किल्ल्या दिल्या. घरघर ऐकून श्वास चालू आहे असे आम्ही एकमेकांस सांगत होतो. मग माल भरण्यासाठी उभा असलेला टेंपो रिकामा केला, दादांना त्यात घातले. परंतु पुढे दोन ट्रक आडवे होते. ते हलवून रस्त्यास लागेपर्यंत किती वेळ गेला हे कोणी मोजले नाही, पण वीस मिनिटांच्या आत आम्ही रुग्णालयाच्या दारात पोहोचलो नव्हतो एवढे निश्चित.

तेथील तरुण डॉक्टरांनी तपासले, आणि आम्हांस एकच प्रश्न विचारला, “वाटेत छाती कोणी दाबली का?” आम्हांस प्रश्नच समजला नाही. छाती कशासाठी दाबावयाची? आम्ही गप्प राहिलो, आणि डॉक्टरांनीही पुन्हा विचारले नाही. दुकानात त्या वेळी आम्ही धरून अकरा माणसे होती. अकराही जण दादांसाठी जीव टाकणारे, आणि अकरांपैकी एकासही काय करावयाचे ते ठाऊक नव्हते.

या प्रश्नाचा अर्थ आम्हांस पुष्कळ वर्षांनी दादांच्या नातीने समजावून सांगितला. ती भूलतज्ज्ञ डॉक्टर आहे. तिने सांगितले ते आमच्या भाषेत असे: हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. झटक्यात हृदयास रक्त पुरविणारी नळी तुंबते. माणूस शुद्धीवर असतो, छातीत कळ, घाम, धाप अशा तक्रारी सांगतो. त्यास तात्काळ रुग्णालयात नेले तर उपचारास अवधी मिळतो. हृदय बंद पडते तेव्हा मात्र माणूस क्षणात बेशुद्ध होतो. पुष्कळदा हृदय एकदम थांबलेले नसते; त्याची लय बिघडून ते नुसते थरथरत असते आणि रक्त पुढे ढकलीत नाही. मेंदूस प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत त्याची हानी सुरू होते. काहीच केले नाही तर दर मिनिटास वाचण्याची आशा शेकडा सात ते दहांनी घटत जाते. दादांच्या घशातील घरघर हा श्वास नव्हता. बंद पडलेल्या हृदयाची ती खूण होती, आणि तीच आम्ही जिवंतपणाची खूण मानली.

अशा वेळी जवळच्या माणसाने छातीच्या मध्यावर जोराने आणि लयीत दाब देत राहिले, तर थोडेफार रक्त मेंदूपर्यंत पोहोचते आणि गाडी येईपर्यंतचा काळ निभावतो. ही विद्या फार जुनी नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कौवेनहोवेन नावाचे विजेचे अभियंता, ज्यूड हे शल्यवैद्य आणि निकरबॉकर हा तरुण संशोधक यांनी १९६० साली ती जगापुढे मांडली. विजेचा धक्का देण्यासाठी छातीवर जड पट्ट्या दाबताच रक्ताचा दाब किंचित वाढतो, हे निकरबॉकर यांच्या ध्यानात आले, आणि त्यातून हा शोध निघाला. हे प्रयोग कुत्र्यांवर झाले होते. आपणांसारख्यांस हे वाचून क्लेश व्हावेत हे स्वाभाविक आहे, आम्हांसही झाले. परंतु मुक्या जीवांच्या मोलाने मिळालेली विद्या वापरावाचून पडू देणे हे तर दुहेरी पाप होईल, असे आमच्या मनाने घेतले.

ही विद्या लोकांच्या हाती देण्यात एका कारखानदाराचा मोठा वाटा आहे, हे व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत आवर्जून सांगितले पाहिजे. नॉर्वेतील स्टाव्हांगर येथील आस्मुंड लेअरदाल हे खेळणी बनविणारे गृहस्थ होते. मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या करण्यात त्यांचा हातखंडा. डॉक्टरांच्या विनंतीवरून त्यांनी १९६० साली माणसाएवढी एक बाहुली तयार केली, जिच्यावर सामान्य माणसाने सराव करावा. आज जगभर शिकविण्यासाठी वापरतात ती बाहुली हीच, किंवा हिची वंशज. धंद्यातले कसब लोकांच्या कामी आणणे ते हेच.

दुसरे साधन विजेच्या धक्क्याचे. थरथरणाऱ्या हृदयास धक्का दिला तर त्याची लय पुन्हा जुळू शकते. बेलफास्टचे डॉक्टर फ्रँक पँट्रिज यांनी १९६५ साली मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे यंत्र तयार करून ते रुग्णवाहिकेत बसविले. त्याचे वजन सत्तर किलोच्या आसपास होते. म्हणजे आजच्या पन्नास किलोच्या पोत्याहून जड. आता तेच काम करणारे यंत्र, ज्यास ए.ई.डी. म्हणतात, एका हातात उचलता येते. पट्ट्या कोठे चिकटवावयाच्या हे ते स्वतः बोलून सांगते, हृदयाची लय तपासते, आणि गरज नसेल तर धक्का देतच नाही. अमेरिकेतील जुगारगृहांच्या पहारेकऱ्यांना ते चालविण्यास शिकविले होते, त्याचा अहवाल २००० साली प्रसिद्ध झाला. जुगारगृहाचा दाखला या पानांत आला याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. परंतु आकडा पाहण्यासारखा आहे. ज्यांस कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत धक्का मिळाला, त्यांपैकी शेकडा ७४ वाचले. उशीर झालेल्यांत हे प्रमाण शेकडा ४९ होते. हे डॉक्टर नव्हते, आपल्या वखारीच्या राखणदारासारखेच पगारी नोकर होते.

डेन्मार्क देशाने तर सारा समाजच शिकविण्याचे मनावर घेतले. २००५ सालापासून शाळांत आणि २००६ सालापासून वाहन परवान्यासाठी हे शिक्षण सक्तीचे झाले. २००१ साली तेथे रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या शंभरांपैकी सुमारे २१ जणांस जवळच्या माणसाकडून छातीदाब मिळत असे. २०१० साली सुमारे ४५ जणांस मिळू लागला. त्याच अवधीत महिनाभर जगलेल्यांचे प्रमाण शंभरी साडेतीनवरून जवळजवळ अकरावर गेले. या वाढीस इतरही कारणे असतील; पण लोकांचे हात शिकले हे त्यांतील एक मोठे कारण होय, असे जाणकार मानतात.

आता रुग्णवाहिकेकडे वळू. व्यापारी समाजातून उभ्या राहिलेल्या सेवेची दोन उदाहरणे आमच्या डोळ्यांपुढे आहेत. पहिले अब्दुल सत्तार एधी यांचे. हे गृहस्थ जुनागढजवळच्या बाटवा गावी मेमण समाजात १९२८ साली जन्मले आणि १९४७ साली कराचीस गेले. तेथे १९५१ साली एका लहानशा जागेत त्यांनी दवाखाना काढला, पुढे एक जुनी गाडी मिळविली, आणि ती स्वतः चालवीत रोगी व बेवारस प्रेते वाहिली. २०१६ साली ते वारले तेव्हा त्यांच्या संस्थेच्या गाड्या साऱ्या पाकिस्तानभर धावत होत्या. एधींजवळ गाडी एकच होती तेव्हाही ती सदैव तयार असे, कारण तिचा चालक तेच होते. दुसरे उदाहरण न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील कर्मठ ज्यू लोकांचे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ‘हत्झाला’ म्हणजे ‘बचाव’ या नावाची स्वयंसेवक मंडळी उभी केली. दुकानदार, कारागीर, शिक्षक अशी ही माणसे. निरोप येताच हातचे काम टाकून शेजारच्या गल्लीत धावतात, आणि मोठी गाडी मागाहून येते. तिकडे इस्रायलात २००६ साली स्थापन झालेल्या अशाच संस्थेने तर स्वयंसेवकांस मोटारसायकली दिल्या, कारण अरुंद गल्लीत गाडी अडते.

आपल्या देशात १०८ क्रमांकाची सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत सुरू झाली. गोव्यात व कर्नाटकात ती २००८ साली आली, महाराष्ट्रात २०१४ साली. ही सेवा फार मोठी सोय आहे यात शंका नाही. परंतु गाडी कितीही वेगाने आली तरी तिला वाट कापावी लागते, आणि मेंदूची चार मिनिटे तिच्यासाठी थांबत नाहीत. म्हणून आमचे म्हणणे असे की, पहिली दहा मिनिटे सरकारची नव्हेत, डॉक्टरांची नव्हेत, संघाच्या गाडीचीही नव्हेत. ती शेजारी उभ्या असलेल्या माणसाची आहेत.

२०१८ साली दादांच्या नातीने आमच्या पेठेतील एका कार्यालयात रविवारी सकाळी शिकवणी घेतली. भारतीय भूलतज्ज्ञांनी २०१७ साली सामान्य माणसासाठी केवळ छातीदाबाची सोपी पद्धत ठरवून दिली आहे, ती तिने बाहुलीवर करून दाखविली. आरंभी शेठ मंडळी खुर्च्यांवरच बसून राहिली. धोतर-पायजमा सावरून जमिनीवर गुडघे टेकण्याचा संकोच वाटत होता. पहिला पुढे आला तो आमचा हमाल. पन्नास वर्षांचा माणूस, पाठीवर आयुष्यभर पोती वाहिलेली, कोपर न वाकविता सारे अंग झुकवून त्याने असा दाब दिला की नात म्हणाली, “काका, हाच दाब हवा.” लय चुकू नये म्हणून शेजारी कोणी मोजावे असे ठरले, तेव्हा आमच्या तोलाराने सवयीने सुरुवात केली, “लाभ, दोन, तीन, चार...” सारे हसले. परंतु आम्हांस हसू आले नाही. पोत्यांच्या मोजणीत पहिल्या मापास आपण एक न म्हणता लाभ म्हणतो. येथे तर त्या शब्दास खरोखरच अर्थ होता.

त्यानंतर दोन प्रसंग आले. २०१९ साली शेजारच्या पेढीचे वृद्ध दिवाणजी जिन्यात कोसळले. शिकलेल्या दोघांनी गाडी येईपर्यंत आळीपाळीने छाती दाबली. तथापि यश आले नाही. दुसरा प्रसंग २०२२ सालचा. माल घेऊन आलेला एक शेतकरी काट्याजवळच पडला. आमच्या हमालाने बैठक मारली, तोलार मोजू लागला, दिवाणजींनी १०८ लाविला, आणि आम्ही स्वतः रस्त्यावर जाऊन ट्रक हटविले. रुग्णालयात डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला, “छाती कोणी दाबली?” हमाल म्हणाला, “मी दाबली, साहेब.” तेरा वर्षे आमच्याकडे थकलेल्या प्रश्नाचे उत्तर एका हमालाने दिले. तो शेतकरी बरा होऊन आपल्या गावी गेला. आमच्या वहीत एक जमा आहे आणि एक नावे. यापेक्षा चांगला ताळेबंद आम्ही सांगणार नाही, कारण तो खोटा होईल. छाती दाबली म्हणजे माणूस वाचतोच असे नाही. न दाबली तर मात्र आशाच उरत नाही.

कृती थोडक्यात अशी. पडलेल्या माणसास खांद्यास धरून मोठ्याने हाक मारावी. ओ नाही, आणि श्वास नाही किंवा नुसती घरघर आहे, असे दिसताच दुसऱ्यास १०८ लावावयास सांगावे आणि जवळ ए.ई.डी. यंत्र असेल तर ते मागवावे. रोग्यास कठीण जमिनीवर उताणे निजवावे, गादीवर नव्हे. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या भागावर तळहाताची टाच, तीवर दुसरा हात, कोपर सरळ, आणि मिनिटास १०० ते १२० या गतीने, सुमारे पाच सेंटीमीटर खोल, दाबावे. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दोन मिनिटांनी माणूस बदलावा, कारण दाब नकळत हलका होतो. यंत्र येताच ते सांगेल तसे करावे. बरगडी मोडेल ही भीती धरू नये, बरगडी जुळते. तोंडात पाणी, औषध काही घालू नये. लहान मूल किंवा बुडालेला माणूस असेल तर दाबाबरोबर श्वासही द्यावा लागतो; ते शिकवणीतच नीट समजते. शुद्धीवर असलेल्या, छातीत कळ येणाऱ्या माणसाची छाती मात्र दाबू नये. त्यास बसवून तात्काळ रुग्णालयात न्यावे.

आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी आक्षेप घेतला, “आयुष्यकर्म संपले तेथे माणसाच्या हाताने काय होणार?” त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून आम्ही एवढेच विचारतो: आपण पाणी गाळून पितो, दिवा झाकतो, पांजरपोळात लंगड्या बैलास चारा घालतो, तेव्हा त्या जीवाचे आयुष्य किती उरले आहे हे कधी विचारतो काय? आपल्या धर्माने आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. शिकलेला हात ज्याच्या छातीवर पडतो, त्यास यांतील दोन तरी दाने एकदम मिळतात. कोणाचे आयुष्य संपले हे ठरविण्याचा अधिकार आपला नव्हे, आणि म्हणूनच ते संपले असे धरून हात बांधून बसण्याचाही नव्हे.

पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीतीही काहींनी बोलून दाखविली. रस्त्यावरील अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यास त्रास होऊ नये, यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली नियम मान्य केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही तशी तरतूद झाली. तो कायदा रस्त्यावरील अपघातापुरता आहे, हे खरे. परंतु आपल्या दुकानात पडलेल्या आपल्याच माणसास हात लावण्यास कायद्याची वाट पाहण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

आता संघापुढे आमची विनंती. गाडी जरूर घ्यावी. परंतु घेण्यापूर्वी चालक, परिचारक, प्राणवायू आणि दुरुस्ती यांचा दरसालचा खर्च कोठून येणार हे ठरवावे. भांडवल आहे पण चालू खर्चाची सोय नाही, असा धंदा आपण कोणी करीत नाही. मग दानातच का करावा? दुसरे, प्रत्येक पेढीने दरवर्षी दोन माणसे शिकवावीत, आणि त्यांत हमाल, तोलार व राखणदार असावेत. तिसरे, अशा बहुसंख्य घटना घरीच घडतात. म्हणून सुना, मुली व शाळकरी मुले यांच्यासाठी वेगळी शिकवणी व्हावी. चौथे, एक ए.ई.डी. यंत्र पेठेत ठेवावे, आणि ते कार्यालयाच्या कपाटात कुलुपात न ठेवता रात्रंदिवस हाती लागेल असे ठेवावे. त्याची बॅटरी व पट्ट्या यांची मुदत संपते. ती दरवर्षी दिवाळीच्या वहीपूजनाच्या दिवशी तपासावी, म्हणजे विसर पडणार नाही. पाचवे आणि अखेरचे, माल चढविताना गल्लीत एक गाडी जाईल एवढी वाट मोकळी ठेवावी. यास वर्गणी लागत नाही, ठराव लागत नाही. दादांच्या वेळी वाट अडविणारे दोन ट्रक दुसऱ्या कोणाचे नव्हते. ते आमचेच होते.

येत्या पर्युषणापूर्वीच्या रविवारी आमच्या वखारीत पुन्हा शिकवणी ठेविली आहे. बाहुली आणली आहे, सतरंजी आम्ही घालू. मोजावयास तोलार आहेच. वडीलधाऱ्या मंडळींनी गुडघे दुखत असले तरी यावे. ज्यांस दाबता येणार नाही त्यांस निदान फोन लावणे आणि ट्रक हटविणे शिकता येईल. आम्हीही त्या दिवशी तेवढेच शिकलो होतो, आणि पुढे तेच कामी आले.